कोपरखळी आणि कुंभार्ली घाट

रिचर्ड थेलर आणि कॅस सन्स्टीन यांचे ‘नज’ हे पुस्तक २००८ साली आले. २०१७ साली थेलर यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले आणि त्यानंतर ‘नज’ हा शब्द सरकारी कचेऱ्यांपासून महाविद्यालयांच्या कार्यशाळांपर्यंत सगळीकडे ऐकू येऊ लागला. शब्दाचा मूळ अर्थ साधा आहे : शेजारच्या माणसाला कोपराने हळूच ढोसणे. मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द कोपरखळी. पण आपल्या भाषेने कोपरखळीला टोमण्याचा अर्थ दिला आहे. ज्याला ती बसते त्याचे काहीतरी चुकलेले असते, हे तिच्यात गृहीत धरलेले असते. इंग्रजी शब्द निरागस वाटतो, मराठी शब्द त्याच्या पोटातले सांगून टाकतो. विद्यार्थ्यांच्या यशासाठी ‘नज’ वापरावेत असे सांगणारे जे लेखन गेल्या पंधरा-वीस वर्षांत झाले, ते मी दापोलीत बसून वाचत आलो आहे. हा लेख त्या वाचनाचा हिशेब आहे आणि तो मांडताना मी दापोली तालुक्यातलीच जुनी पाने शेजारी ठेवली आहेत.

सिद्धांत काय म्हणतो

माणूस आपल्या हिताचा निर्णय नेहमीच हिशेबाने घेत नाही. तो विसरतो, पुढे ढकलतो, जे समोर दिसेल ते उचलतो, आणि काही न करता जे आपोआप होत असेल ते होऊ देतो. तेव्हा कोणताही पर्याय बंद न करता, दंड किंवा बक्षीस न ठेवता, फक्त पर्यायांची मांडणी बदलावी म्हणजे माणूस आपणहून बऱ्या वाटेला लागतो. उपाहारगृहात फळे डोळ्यांच्या पातळीवर ठेवली तर ती जास्त उचलली जातात, हे या पुस्तकातले सुरुवातीचेच उदाहरण आहे.

हाच विचार विद्यार्थ्यांना लावला गेला. अमेरिकेत बारावीनंतर महाविद्यालयात जागा मिळूनही अनेक गरीब मुले उन्हाळ्याच्या सुटीत गळतात आणि पहिल्या दिवशी वर्गात पोचतच नाहीत. बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज यांनी अशा मुलांच्या मोबाइलवर वेळोवेळी संदेश पाठवले : अमुक अर्ज भरायचा राहिला आहे, अमुक तारीख जवळ आली आहे, मदत हवी असल्यास उत्तर द्या. खर्च फारच थोडा आणि काही शहरांत प्रवेशाचे प्रमाण खरोखर वाढले. २०१६ साली जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने हेच काम संगणकाकडे दिले. विद्यार्थ्याने रात्री बारा वाजता प्रश्न विचारला तरी त्याला उत्तर मिळू लागले आणि तिथेही उन्हाळी गळती कमी झाल्याचे दिसले. स्वस्त, सौम्य आणि कोणाचा विरोध नाही. असा उपाय कोणत्या कुलगुरूला नको असेल?

मोठ्या संख्येपुढे काय झाले

पुढचा भाग कार्यशाळांमध्ये सहसा सांगितला जात नाही. हेच संदेश अमेरिकेत राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर ८ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना पाठवून पाहिले गेले. संशोधकांमध्ये स्वतः कॅसलमन होते. आर्थिक मदत मिळणे किंवा महाविद्यालयात दाखल होणे, कशावरही परिणाम आढळला नाही. कॅनडात फिलिप ओरिओपोलस आणि उरोस पेट्रोनिजेविक यांनी ५ वर्षे, ३ आवारांत, सुमारे २५ हजार विद्यार्थ्यांवर निरनिराळे प्रयोग केले : ध्येये लिहून घेणे, अभ्यासाचे वेळापत्रक आखून घेणे, आठवणीचे आणि धीराचे संदेश पाठवणे. विद्यार्थी अभ्यासाला किंचित जास्त वेळ देऊ लागले, कोणीतरी आपली विचारपूस करते असे त्यांना वाटले, पण गुण वाढले नाहीत. या संशोधकांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच विद्यार्थ्यांचा हा न हलणारेपणा नोंदवला. स्वतःच्या आवडत्या उपायाचा पराभव इतक्या उघडपणे छापणे ही संशोधनातली दुर्मीळ गोष्ट आहे, तिचे कौतुक केले पाहिजे.

स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी २०२२ साली आणखी एक हिशेब प्रसिद्ध केला. विद्वत्पत्रिकांत छापून आलेल्या ‘नज’ प्रयोगांचा सरासरी परिणाम ८.७ टक्केबिंदू होता. अमेरिकेतल्या दोन मोठ्या ‘नज’ केंद्रांनी प्रत्यक्षात केलेले १२६ प्रयोग, छापलेले आणि न छापलेले सगळे एकत्र धरले, तर तोच आकडा १.४ वर येतो. जे प्रयोग गाजले तेच छापले गेले, हे या तफावतीचे एक मोठे कारण.

इथे थांबून ‘नज’ला निकालात काढता आले असते. पण त्याच साहित्यात आणखी तीन प्रयोग आहेत आणि माझ्या मते खरा धडा त्यांच्यात आहे.

पहिला २०१२ सालचा. अमेरिकेत आर्थिक मदतीचा अर्ज अत्यंत किचकट असे. करविवरण भरून देणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीत आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपैकी काहींचा हा अर्ज तिथल्या तिथे, त्याच माहितीवरून भरून दिला गेला. काहींना नुसती माहिती सांगून घरी पाठवले. ज्यांचा अर्ज भरून दिला त्यांच्या बारावीतल्या मुलांपैकी सलग दोन वर्षे महाविद्यालयात टिकणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. नुसत्या माहितीने काहीच झाले नाही.

दुसरा मिशिगन विद्यापीठाचा. हुशार पण गरीब मुलांना एक पत्र गेले : तुम्हाला प्रवेश मिळाला तर चार वर्षांचे शुल्क माफ, त्यासाठी वेगळा अर्ज नको, उत्पन्नाचा पुरावा नको. यातली बहुतेक मदत त्यांना एरवीही मिळू शकली असती, पण कागदपत्रांच्या शेवटी आणि खात्रीशिवाय. पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी प्रवेशासाठी अर्ज केला, न मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेणारे १२ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले.

तिसरा न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचा. तिथे गरीब विद्यार्थ्यांना शुल्कातली तूट भरून दिली, पुस्तकांचा खर्च दिला, प्रवासाचा पास दिला आणि मोजक्या विद्यार्थ्यांमागे एक सल्लागार दिला. तीन वर्षांत पदविका पुरी करणारे २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले.

या तिन्ही प्रयोगांत विद्यार्थ्याच्या मनाला हात लावलेला नाही. पहिल्यात अर्ज भरून दिला, दुसऱ्यात अर्जच काढून टाकला, तिसऱ्यात बसभाडे दिले. जिथे विद्यार्थ्याला ढोसले तिथे फारसे हलले नाही. जिथे त्याच्या वाटेतला दगड उचलला तिथे तो आपणच चालू लागला.

मुरुडचा मुलगा साताऱ्यात

आता दापोली तालुक्यातल्या मुरुडकडे येतो. धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यातला साताऱ्याच्या परीक्षेचा प्रसंग महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी कर्वे सोबत्यांबरोबर मुरुडहून निघाले आणि शंभर मैलांहून अधिक वाट, कुंभार्ली घाट चढून, पायी तुडवत साताऱ्याला पोचले. परीक्षेला १७ वर्षे पुरी असण्याची अट होती. वय भरले होते, पण शरीरयष्टी किरकोळ. परीक्षा घेणाऱ्यांना मुलगा १७ वर्षांचा वाटला नाही. त्यांनी त्याला बसू दिले नाही.

हा प्रसंग आपण कसा वाचत आलो? व्याख्यानात, पाठ्यपुस्तकात, पुण्यतिथीच्या लेखात भर असतो तो घाटावर. पाहा, केवढी जिद्द! आणि तुम्हाला एसटी आहे तरी तुम्ही वर्गात येत नाही. म्हणजे आपल्याकडेही कोपरखळीचे साहित्य आहेच. आपण त्याला प्रेरणादायी चरित्र म्हणतो. अमेरिकन संदेश आणि मराठी चरित्रकथा दिसायला फार वेगळ्या आहेत, पण दोघांचे गृहीतक एकच आहे : उणीव विद्यार्थ्यात आहे, त्याला आठवण किंवा आदर्श दिला की ती भरून निघेल.

‘आत्मवृत्ता’चा मजकूर मात्र हे सांगत नाही. त्या मुलाजवळ जिद्दीची काहीच कमतरता नव्हती. पाय चालले, घाट संपला, आणि तो अडला टेबलापाशी. टेबलामागे बसलेल्या माणसाच्या नजरेला तो लहान दिसला, एवढ्यावरून. त्या मुलाला ‘परीक्षा अमुक तारखेला आहे, विसरू नका’ असा संदेश दहा वेळा पाठवला असता तरी काय उपयोग होता? प्रसंगाचा अर्धा भाग घाटाचा आणि अर्धा टेबलाचा आहे. शंभर वर्षे आपण पहिला अर्धा वाचला.

कर्व्यांनी स्वतः कोणता अर्धा वाचला होता हे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते. १८८६ साली त्यांनी गावासाठी मुरुड फंड सुरू केला. पुढे विधवांसाठी आश्रम काढला, तो हिंगण्याला नेला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ काढताना शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले. इंग्रजी हा त्या काळातल्या मुलींपुढचा घाट होता. कर्व्यांनी मुलींना तो चढण्याचे धैर्य शिकवत बसण्याऐवजी रस्ता दुसरीकडून काढला. स्वतः घाट चढलेल्या माणसाने हे करावे यात ‘आत्मवृत्ता’चे मोठेपण आहे.

पालगडचा श्याम आणि वाराचे जेवण

दुसरे पुस्तक ‘श्यामची आई’. साने गुरुजी पालगडचे, शिक्षणासाठी दापोलीला आले. हे पुस्तक त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. संस्कारांचे पुस्तक म्हणून ते वाचले जाते आणि ते तसे आहेही. आईने श्यामच्या मनाला लावलेल्या लहान लहान वळणांना आजचा एखादा अभ्यासक बिनदिक्कत ‘नज’ म्हणेल. पण त्याच पुस्तकात दुसरा एक धागा आहे, तो पैशाचा आणि अन्नाचा. इतक्या मायेच्या, इतक्या संस्कारांच्या घरातल्या मुलाचेही दापोलीतले शिक्षण गरिबीमुळे पुढे जाईना. तो औंधला गेला, कारण तिथल्या संस्थानात गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे कळले होते. मन घडले होते, सोय नव्हती. संस्कारांचे पुस्तक म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, तेच पुस्तक संस्कार कुठवर पुरतात याचीही साक्ष देते.

त्या काळी परगावी शिकणाऱ्या मुलासाठी वाराने जेवण्याची रीत होती. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. आज या रीतीकडे पाहताना तिची रचना किती शहाणी होती हे जाणवते. मुलाने रोज हात पसरायचा नाही, रोज निर्णय घ्यायचा नाही. एकदा वार लागला की त्या दिवशी पान वाढलेले असायचे. कोणा एका घरावर सात दिवसांचा भार नाही. आपोआप होणाऱ्या गोष्टींचे सामर्थ्य ‘नज’वाल्यांनी अलीकडे सांगितले, आपल्या आजी-पणजींनी ते स्वयंपाकघरात राबवले होते.

पण ही रीत कोणासाठी होती, हे विचारल्याशिवाय तिचे गोडवे गाऊ नयेत. वार लागत तो जातीच्या आत. आणि याच दापोलीत त्याच काळात दुसरी एक शाळकरी पिढी उभी होती. दापोली लष्कराचे जुने ठाणे, इथे महार पलटणींतले निवृत्त सैनिक राहत. गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच. निवृत्तीनंतर रामजी सकपाळही काही काळ कुटुंबासह इथे होते. १८९०च्या दशकात या निवृत्त सैनिकांनी आपल्या मुलांना इथल्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज-विनंत्या केल्या. कायद्याने दार उघडते तेव्हाही मुलाला वर्गाबाहेर ओसरीवर बसवायचे, हा त्या काळातला सर्रास प्रकार. ओसरीवरच्या मुलाला कोणता संदेश पाठवणार? त्याच्या बापाने अर्ज वेळेवर केला होता, मुलगा शाळेत वेळेवर हजर होता, प्रश्न भिंतीच्या कोणत्या बाजूला बसायचे एवढाच होता.

ज्यांनी हा प्रश्न ओळखला त्यांनी संस्था काढल्या. शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि कष्ट करून शिकण्याची सोय केली. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि नोकरी करणाऱ्या मुलांसाठी वर्ग सकाळी लवकर ठेवले. नोकरी करणाऱ्या मुलाला वेळेचे व्यवस्थापन शिकवण्यापेक्षा वेळापत्रकच हलवले! निवडीच्या मांडणीचे याहून चांगले उदाहरण थेलर यांच्या पुस्तकातही सापडणे कठीण.

आजचा घाट

आजची दापोली शिक्षणाच्या बाबतीत मागास नाही. १९७२पासून इथे कोकण कृषी विद्यापीठ आहे, कला-वाणिज्य-विज्ञानाची महाविद्यालये आहेत. तरीही केळशीचा, उन्हवऱ्याचा किंवा दाभोळचा विद्यार्थी आणि त्याची पदवी यांच्यामध्ये काय काय उभे असते, ते एकदा क्रमाने पाहावे.

समजा, केळशीची एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरते आहे. अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला हवा, तो तहसील कचेरीचा. योजनेप्रमाणे जातीचा दाखला, व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर जात वैधता प्रमाणपत्र, शिवाय अधिवास, शिधापत्रिका, गुणपत्रिका, शुल्काची पावती. बँक खाते आधारशी जोडलेले हवे. आधारवर आडनावाचे स्पेलिंग एक आणि गुणपत्रिकेवर दुसरे असेल तर आधी तो घोळ निस्तरायचा. अर्ज महाविद्यालयाच्या टेबलावर तपासला जातो, मग खात्याच्या. त्रुटी निघाली की परत. पुढच्या वर्षी नूतनीकरण. प्रत्येक पायरीसाठी दापोलीला एक खेप, प्रत्येक खेपेला एक बुडालेला दिवस, आणि घरच्या कोणाची तरी बुडालेली मजुरी. संध्याकाळची गाडी चुकली तर मुक्काम कुठे, हा प्रश्न वेगळाच.

या मुलीने अर्ज अर्धवट सोडला तर कागदावर नोंद काय होते? ‘विद्यार्थ्याने मुदतीत अर्ज सादर केला नाही.’ व्याकरण पाहा, कर्ता विद्यार्थी आहे. आणि मग तिच्यासाठी जागृती मेळावा भरवला जातो, सूचनाफलकावर तांबड्या अक्षरांत अंतिम तारीख लिहिली जाते, व्हॉट्सॲपवर संदेश फिरतो. मुलगी ती तारीख विसरलेली नसते. तिला तारीख पाठ असते.

राज्य सरकारने ८ जुलै २०२४च्या निर्णयाने, वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण माफी दिली. निर्णय मोठा आहे आणि त्याचे स्वागतच व्हायला हवे. पण माफी मिळण्याची वाट पुन्हा दाखल्यांतूनच जाते. मिशिगनच्या प्रयोगातले रहस्य पैशात जेवढे होते तेवढेच ‘वेगळा अर्ज नको’ या वाक्यात होते. तो भाग आपण अजून उचललेला नाही.

हे जमणारे नाही असेही कोणी म्हणू नये. जून २०२४मध्ये एसटी महामंडळाने विद्यार्थ्यांचे सवलतीचे पास थेट शाळा-महाविद्यालयांत नेऊन देण्याचे ठरवले. विद्यार्थ्यांना भाड्यात ६६.६७ टक्के सवलत आधीपासून होती, पण ती घेण्यासाठी आगारात रांग लावावी लागे. सवलतीचा आकडा बदलला नाही, रांगेची जागा बदलली. ज्यांना विद्यार्थ्यांसाठी ‘नज’ करायचा आहे त्यांनी आधी एसटीकडे पाहावे.

मग संदेश पाठवूच नयेत का?

पाठवावेत. तारीख, खोली क्रमांक, सोबत आणायचे कागद हे वेळेवर आणि मराठीत कळवणे ही साधी सभ्यता आहे. मात्र त्या संदेशाला कोणी उत्तर दिले तर पलीकडे माणूस हवा. आणि संदेशाचा सूर सांभाळायला हवा. ‘तुमच्या वर्गातल्या बहुतेकांनी अर्ज भरला, तुम्ही राहिलात’ असे लिहिले की ‘नज’ची कोपरखळी होते. हजेरी कमी असलेल्यांची यादी फलकावर लावणे हा त्याचाच जुना अवतार. अशी यादी वाचून जो मुलगा वर्गात परततो तो दिसतो, जो कायमचा जातो त्याची नोंद कोण ठेवतो?

‘नज’च्या साहित्यावर माझा मुख्य आक्षेप त्याच्या सौम्यपणाला नाही, त्याच्या दिशेला आहे. मांडणी बदला, असे सांगणारा हा विचार मूळचा फार चांगला आहे. पण मांडणी ज्यांच्या हातात असते ते स्वतःला वगळून तो वापरतात. विद्यार्थी विसरतो, पुढे ढकलतो, जे चालले आहे ते चालू देतो, असे पुस्तक म्हणते. कचेरी विसरत नाही? पुढे ढकलत नाही? दरवर्षी तोच दाखला पुन्हा मागणे ही तर ‘जे चालले आहे ते चालू देण्या’ची शुद्ध सवय आहे. थेलर यांनी स्वतःच पुढे अशा कागदी अडवणुकीला ‘स्लज’ म्हणजे गाळ असे नाव दिले आणि सन्स्टीन यांनी २०२१ साली त्या नावाचे पुस्तकही लिहिले. विद्यार्थ्यांवरच्या व्याख्यानांत पहिले पुस्तक येते, दुसरे येत नाही.

म्हणून माझ्यासारख्या, कोणत्याही विद्यापीठात नोकरीला नसलेल्या माणसांना एक काम सुचवतो. येत्या जूनमध्ये आपल्या गावातल्या पाच विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची आणि शिष्यवृत्तीची वाट नोंदवावी. किती खेपा झाल्या, कोणता कागद किती वेळा मागितला, कोणत्या टेबलावरून परत पाठवले, भाड्याला किती गेले, घरच्यांची किती मजुरी बुडाली, आणि पाचांपैकी कोण कुठल्या पायरीवर थांबले. ही नोंद त्या त्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांपुढे ठेवावी. तिला अनुदान लागत नाही, संगणक लागत नाही. एक वही पुरते, आणि विद्यार्थ्यासोबत एसटीत बसण्याची तयारी.